नगरपरिषदेला पोलिसांवर नागरी देखरेख समिती नेमता येते का? (रत्नागिरी–सिंधुदुर्ग)

मिऱ्या_बंदर (धागाकर्ता)

कोकणातल्या शहरांत पोलिसांबद्दल मोठी तक्रार झाली की एक मागणी निघतेच: नगरपरिषदेने नागरिकांची समिती नेमावी आणि तिने पोलीस ठाण्यावर लक्ष ठेवावं. कुणीतरी अमेरिकेतल्या शहरांचे दाखले देतं, निवेदन आवक-जावकला लागतं आणि शिमगा येईपर्यंत विषय मिटतो. मागणीत चूक काही नाही. ती चुकीच्या दारात जाते.

आधी जमीन कुठली ते पाहू. पोलीस हा राज्यसूचीतला विषय (सातवी अनुसूची, दुसरी सूची, नोंद २). नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांच्या बाराव्या अनुसूचीत पोलीस नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्गात पोलीस आयुक्तालयही नाही. शहर पोलीस ठाणं जिल्हा पोलीस अधीक्षकांखाली आणि अधीक्षक कोकण परिक्षेत्राच्या विशेष पोलीस महानिरीक्षकांखाली. पोलिसांचा पगार, बदली, निलंबन यातलं काहीच नगरपरिषदेच्या हातात नाही. 'शहराचं पोलीस खातं' ही चीजच आपल्याकडे नाही, तर शहराने त्यावर समिती कशी बसवायची?

तरीही कायद्यात आणि न्यायालयाच्या आदेशांत नागरी देखरेखीचे तुकडे विखुरलेले आहेत. ते कुठे आहेत, कसे वापरायचे आणि कुठे अडतात, एवढंच इथे जमवू. चालू प्रकरणांतली नावं कृपया लिहू नयेत.

वाशिष्ठी

चांगला धागा. मी ठरावापासून सुरू करते, कारण बहुतेक मागण्या तिथेच मरतात.

ठरावात "समिती पोलीस ठाण्याची तपासणी करील", "ठाणे प्रभारी समितीपुढे हजर राहतील" असं लिहिलंत की मुख्याधिकारी विरुद्ध टिपणी जोडणार आणि जिल्हाधिकारी महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम १९६५ च्या कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी थांबवणार. त्यांचंही चुकत नाही, कारण नसलेला अधिकार ठरावाने येत नाही. "शिफारस करते", "विनंती करते", "प्रतिनिधीचं नाव सुचवते", "माहिती मागवते" ही क्रियापदं वापरली तर ठराव टिकतो.

आता दात असलेल्या यंत्रणेकडे. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले. त्यातला एक राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण नेमण्याचा. महाराष्ट्राने २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून कलम २२-पी ने राज्य प्राधिकरण आणि २२-एस ने विभागीय प्राधिकरण आणलं. न्यायालयाने जिल्हा म्हटलं होतं, आपण महसूल विभाग केला. आपल्यासाठी तो कोकण विभाग, म्हणजे मुंबई शहर, मुंबई उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे सात जिल्हे मिळून एक प्राधिकरण.

कामाची वाटणी साधारण अशी: पोलीस शिपायापासून वरिष्ठ निरीक्षकापर्यंतच्या तक्रारी विभागीय प्राधिकरणाकडे, उपअधीक्षक आणि त्यावरच्या राज्य प्राधिकरणाकडे. विषय कलम २२-क्यू मध्ये आहेत: कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार किंवा तसा प्रयत्न, रीत न पाळता अटक किंवा स्थानबद्धता, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन वा घर बळकावणं, आणि शेवटी कायद्याचं गंभीर उल्लंघन किंवा अधिकाराचा गैरवापर. प्राधिकरणाला दिवाणी न्यायालयासारखे साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद मागवण्याचे अधिकार आहेत, आणि ते स्वतःहूनही चौकशी सुरू करू शकतं.

दांडी_मालवण

वाशिष्ठीताई, म्हणजे दोडामार्गातल्या माणसाने नवी मुंबईकडे तोंड करून बसायचं. चारशेहून जास्त किलोमीटर. सुनावणीला तीन वेळा जायचं म्हटलं तर मजुरी बुडाली, कोकणकन्येचं तिकीट मिळालं तर मिळालं. एवढ्या लांबच्या देखरेखीला देखरेख म्हणायचं?

वाशिष्ठी

दादा, म्हणूनच ठरावातली पहिली मागणी हीच हवी: विभागीय प्राधिकरणाने ठरावीक काळाने रत्नागिरी आणि सिंधुदुर्गनगरीत फिरती बैठक घ्यावी, ते जमत नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातून दृक्श्राव्य सुनावणी. नगरपरिषद हे अधिकारात राहून मागू शकते.

अर्ज करण्याआधी प्राधिकरणाची पदं भरलेली आहेत का हे विचारून घ्या. अध्यक्षपद रिकामं असलं की अर्ज नुसता पडून राहतो. तोवर वर्ष उलटलं तर मानवी हक्क आयोगाचं दारही बंद होतं, कारण मानवी हक्क संरक्षण अधिनियम १९९३ च्या कलम ३६(२) प्रमाणे घटनेनंतर एक वर्षाने आयोगाला चौकशी करता येत नाही. दोन्हीकडे अर्ज द्यायचा असेल तर ते दोन्ही अर्जांत स्वच्छ लिहा. लपवलेलं उघड झालं की दोन्हीकडून हात झटकले जातात.

निवृत्त_अंमलदार

पोलीस बाजूनेही कुणी बोलायला हवं म्हणून लिहितो.

नगरसेवक ठाण्यावर बसवण्याची कल्पना ज्यांना आवडते त्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. मटका, वाळू, गोवा बनावटीची दारू, एलईडीची मासेमारी यांत ठाण्याला सर्वात जास्त फोन कुणाचे येतात? "आमचा पोरगा आहे, सोडा." उद्या तोच माणूस देखरेख समितीत बसला तर तो फोन करणार नाही, लेखी खुलासा मागेल. समिती नेमायचीच असेल तर पहिला नियम हा हवा की चालू तपासातल्या कुठल्याही गुन्ह्याबद्दल समितीने एक अक्षर विचारायचं नाही. कुणाला अटक करा, कुणाला करू नका, कलम कुठलं लावा, हे तिच्या कक्षेबाहेर. कॅमेरे चालू आहेत का, फलक लावलेत का, अटकेची रीत पाळली जाते का, अर्ज किती दिवस पडून आहेत, एवढंच पाहायचं.

दुसरं, नव्या कमिट्या काढण्याआधी असलेल्या आठवा. शांतता समिती, मोहल्ला समिती, महिला दक्षता समिती, पोलीस मित्र, ग्राम सुरक्षा दल, सागर सुरक्षा दल, तंटामुक्त गाव समिती. यादी लांब आहे.

मिऱ्या_बंदर

काका, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य, तो ठरावात शब्दशः घालू. दुसऱ्यावर मात्र वाद घालतो. या सगळ्या पोलिसांच्या मदतीला उभ्या केलेल्या समित्या आहेत. तंटामुक्त समिती ग्रामसभा नेमते, बाकीच्यांत सदस्य कोण हे बहुतेक ठाण्यातच ठरतं. बैठक कधी, विषय काय, इतिवृत्त कोण लिहिणार, हेही तिथेच. गणपती, शिमगा, ईद यांच्या आधी शांतता समिती बसते, ध्वनिक्षेपकाची वेळ आणि पालखीचा मार्ग ठरतो, ते आवश्यकच आहे. पण त्या बैठकीत "गेल्या महिन्यात कोठडीबाहेरचा कॅमेरा किती दिवस बंद होता?" असं विचारणाऱ्याला पुढच्या बैठकीचं बोलावणं येईल का? ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्यानेच निवडलेल्या माणसांकडून देखरेख होत नाही.

हडसनकाठ

अमेरिकेचा उल्लेख आलाय म्हणून थोडक्यात. तिथे पोलीस खातं शहराचं असतं, त्यामुळे शहराच्या सनदेत दुरुस्ती करून किंवा मतदान घेऊन मंडळ नेमता येतं. प्रकार ढोबळमानाने तीन: स्वतःचे तपासनीस असलेलं, पोलिसांनी केलेल्या चौकशीचं नुसतं पुनरावलोकन करणारं, आणि सुट्या तक्रारींऐवजी धोरण आणि आकडे तपासणारं.

न्यूयॉर्कचा इतिहास बोलका आहे. १९६६ मध्ये तक्रार मंडळात नागरिक घेतले, पोलीस संघटनेने मोहीम चालवली आणि त्याच वर्षीच्या सार्वमतात ते मंडळ पडलं. संपूर्ण नागरी मंडळ व्हायला १९९३ उजाडलं. आज १५ सदस्य आहेत, स्वतःचे तपासनीस आहेत, तरी शिक्षेचा शेवटचा निर्णय पोलीस आयुक्तांकडेच. उत्तर आयर्लंडच्या पोलीस लोकपालाचं उलट. २००० पासून पोलिसांविरुद्धची तक्रार थेट त्याच्याकडे जाते, तपास त्याचीच माणसं करतात.

आपली प्राधिकरणं कागदावर पहिल्या प्रकारची. पण सदस्य-सचिव सेवेतला पोलीस अधिकारी असला आणि चौकशीचं मनुष्यबळही खात्यातून आलं की ती व्यवहारात दुसऱ्या प्रकारची होतात.

वाशिष्ठी

बरोबर. आणि अहवालाचं काय होतं तेही सांगते. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक म्हटली होती. आपल्या कायद्यात अहवाल सरकारकडे जातो आणि अपवादात्मक प्रसंगी सरकार कारणं लेखी नोंदवून तो नाकारू शकतं. म्हणून तक्रारदाराने अहवालाबरोबरच त्यावरच्या सरकारी निर्णयाची आणि नाकारला असल्यास कारणांची प्रत मागितली पाहिजे. अहवाल हातात आला की लोक थांबतात. खरी पायरी त्याच्या पुढची आहे.

खारेपाटण

सगळे प्राधिकरणावर अडकलात. नगराध्यक्षाला सर्वोच्च न्यायालयाने आधीच एक खुर्ची दिली आहे, तिच्याबद्दल कुणीच बोललं नाही.

परमवीर सिंह सैनी खटला, २ डिसेंबर २०२०. प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही, आणि प्रत्येक जिल्ह्यात त्यावर जिल्हास्तरीय देखरेख समिती. सदस्य चार: विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आणि जिल्ह्यातल्या एखाद्या नगरपालिकेचे महापौर किंवा ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचे प्रमुख. आपल्याकडे महापौर नाही, म्हणजे नगराध्यक्ष.

समितीची कामं आदेशातच आहेत: यंत्रणेची देखभाल पाहणं, ठाणे प्रभारींशी संपर्क ठेवणं, राज्यस्तरीय समितीला दर महिन्याला अहवाल देणं, आणि सर्वात महत्त्वाचं, साठवलेलं चित्रीकरण पाहून न नोंदलेलं मानवी हक्क उल्लंघन झालं आहे का ते तपासणं. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. तक्रार आलीच पाहिजे अशी अट नाही.

जागाही नेमून दिल्यात: येण्या-जाण्याची दारं, मुख्य फाटक, सगळ्या कोठड्या, कोठडीबाहेरची जागा, व्हरांडे, स्वागतकक्ष, निरीक्षक आणि उपनिरीक्षकाची खोली, ठाणे अंमलदाराची खोली, ठाण्याचं आवार, मागची बाजू, स्वच्छतागृहाबाहेर (आत नाही). आवाज आणि रात्रीचं चित्रण दोन्ही हवं. साठवण १८ महिने, ते अशक्यच असेल तर शक्य तितकी जास्त, पण वर्षापेक्षा कमी नाही. कॅमेरा बिघडला तर ठाणे प्रभारींनी लगेच जिल्हा समितीला कळवायचं.

अडतं कुठे? एक, आदेशात "एखाद्या नगरपालिकेचे" म्हटलंय. रत्नागिरी जिल्ह्यात रत्नागिरी, चिपळूण, खेड, राजापूर एवढ्या नगरपरिषदा, शिवाय नगरपंचायती. कुणाचा नगराध्यक्ष बसणार हे ठरलेलं नसेल तर कुणीच बसत नाही. आळीपाळीची पद्धत मागून घ्या. दोन, नगरपरिषदेवर प्रशासक असला की ती खुर्ची आपोआप सरकारी होते आणि समितीतला लोकांचा एकमेव माणूस जातो. तीन, विभागीय आयुक्तांकडे सात जिल्हे, त्यांची तारीख मिळाल्याशिवाय बैठक लागत नाही.

मिऱ्या_बंदर

हाच तर गाभा. नवी समिती मागण्यापेक्षा "ही समिती आमच्या जिल्ह्यात कधी गठित झाली, आजवरच्या बैठकींची इतिवृत्तं द्या" हे मागणं कितीतरी जड. धन्यवाद, खारेपाटण.

कुडाळ_केबल

१८ महिने म्हणताना साठवणीचं गणित कुणी केलंय का? मी करून देतो, अधिकाऱ्यांपुढे ठेवा.

२ मेगापिक्सेलचा कॅमेरा, २ एमबीपीएस वेग, दिवसरात्र चालू: एका दिवसाला २१.६ जीबी. ठाण्यात १६ कॅमेरे धरले तर दिवसाला साधारण ३४६ जीबी. १८ महिन्यांना सुमारे १८९ टीबी, वर्षाला १२६ टीबी. आणि कोटेशनमध्ये असतं काय? एक १६ चॅनेलचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) आणि ८ टीबीची डिस्क. ती २३ दिवसांत भरते आणि जुन्यावर नवं चढायला लागतं. एच.२६५ (चित्रण दाबून लहान करण्याची पद्धत) लावून वेग १ एमबीपीएसवर आणला तरी ४६ दिवस. त्याहून खाली गेलात तर अंधाऱ्या कोपऱ्यात चेहरा ओळखू येत नाही.

म्हणजे "आमच्याकडे १८ महिन्यांचं चित्रीकरण असतं" असं कुणी म्हणालं तर तीन प्रश्न विचारा: कॅमेरे किती, वेग किती, एकूण डिस्क किती टीबी. गुणाकार तिथेच करा.

कोकणातली खास दुखणी वेगळी. पावसाळ्यात वीज येते-जाते, इन्व्हर्टरवर फक्त संगणक असतो, डीव्हीआर नसतो. दर वेळी तो बंद होऊन चालू होतो, आणि आतली बॅटरी गेलेली असेल तर घड्याळ मागे जातं. मग चित्रीकरणावर तारीखच चुकीची, न्यायालयात वकील पहिला बोट तिथेच ठेवणार. किनाऱ्यावरच्या ठाण्यांत, जयगड, पूर्णगड, नाटे वगैरे, खाऱ्या हवेने केबल जोडायची बीएनसी आणि आरजे-४५ ची टोकं हिरवी पडतात. चित्र आधी लुकलुकतं, मग जातं. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, एक मोठी वीज पडली की अर्धे पोर्ट जळतात.

देखभाल करारात हे मागा: आयपी-६६ (धूळ-पाणी आत न जाणारं) आवरण, सर्ज संरक्षण (विजेच्या झटक्यापासून बचाव), डीव्हीआरसाठी वेगळा यूपीएस, घड्याळ नेटवर्कवरून जुळवणं, दर तिमाहीला टोकांची सफाई, बिघाड झाल्यापासून ४८ तासांत दुरुस्ती आणि न झाल्यास दंड. आवाजाचा माइक वेगळा घ्यावा लागतो, पुष्कळ ठिकाणी कॅमेरा आहे पण माइकच नाही.

दांडी_मालवण

+१. हा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रेम करण्यासारखा आहे, कुडाळदादा.

वाशिष्ठी

याच आदेशात फलकाचंही आहे आणि ते स्वस्तात होतं. ठाण्याच्या दारात आणि आत मोठ्या अक्षरांत इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत लिहायचं: इथे सीसीटीव्ही आहे, मानवी हक्कांचं उल्लंघन झाल्यास राज्य किंवा राष्ट्रीय मानवी हक्क आयोग, मानवी हक्क न्यायालय, पोलीस अधीक्षक यांच्याकडे तक्रार करता येते, चित्रीकरण किमान सहा महिने जपलं जातं आणि पीडिताला ते सुरक्षित ठेवून मागण्याचा हक्क आहे. फलक आहे की नाही हे बघायला कुणाची परवानगी लागत नाही. देखरेखीची सुरुवात इथून करा.

चित्रीकरण हवं असेल तर क्रम महत्त्वाचा:

पहिल्याच दिवशी ठाणे प्रभारी आणि पोलीस अधीक्षक दोघांना जतन करण्याचा अर्ज. प्रत मागू नका, जतन मागा. तारीख, कुठल्या वेळेपासून कुठल्या वेळेपर्यंत, कुठल्या जागेचे कॅमेरे, हे लिहा. "त्या दिवसाचं सगळं" असं लिहिलं तर कुणीच करत नाही. हाताने द्या, पोच घ्या, शिवाय अधीक्षक कार्यालयाला ईमेल. कुडाळदादांचं गणित लक्षात ठेवा, तुमच्याकडे महिने नसतात, दोन-तीन आठवडे असतात.

मग प्रतीसाठी माहिती अधिकार. कलम ८(१)(एच) किंवा ८(१)(जे) लावून, म्हणजे तपासाला बाधा किंवा खासगी माहिती म्हणून, नकार येण्याची तयारी ठेवा. तेव्हा न्यायालयात भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम ९४ खाली चित्रीकरण हजर करण्याचा अर्ज. पुरावा म्हणून वापरताना साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, भाग अ आणि ब दोन्ही, हॅश मूल्यासकट (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा). ठाण्याने पेनड्राइव्हवर नुसती फाइल दिली तर ती अर्धी वस्तू आहे.

पालशेत_पुळण

माहिती अधिकाराच्या अर्जात काय विचारायचं याचा नमुना कुणी देईल का? महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे लोकांचे अर्ज त्यावरच परत येतात.

खारेपाटण

अर्ज तीन करा, शुल्क प्रत्येकी १० रुपये.

पहिला, जिल्हाधिकारी कार्यालय: सीसीटीव्ही जिल्हास्तरीय देखरेख समितीच्या गठनाचा आदेश, सदस्यांची पदनामं, गेल्या दोन वर्षांतली सर्व इतिवृत्तं, राज्य समितीला पाठवलेले मासिक अहवाल.

दुसरा, पोलीस अधीक्षक कार्यालय: ठाणेनिहाय बसवलेले आणि चालू कॅमेरे, साठवण क्षमता टीबीमध्ये, गेल्या वर्षातल्या बिघाडाच्या नोंदी आणि दुरुस्तीच्या तारखा.

तिसरा, विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरण: जिल्हानिहाय आलेल्या तक्रारी, निकाली, प्रलंबित, केलेल्या शिफारशी आणि स्वीकारलेल्या शिफारशींची संख्या.

नावं मागू नका, मत विचारू नका, "का" हा शब्द टाळा. फक्त कागद आणि आकडे. ३० दिवसांत उत्तर नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील, नंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. एखादा माणूस आत असेल आणि जीविताचा वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर कलम ७(१) प्रमाणे ४८ तास, ते अर्जाच्या अगदी वरच्या ओळीत लिहा.

निवृत्त_अंमलदार

आता मीही ठाण्यातले कागद सांगतो, कारण नागरिक चुकीच्या जागी बघतात.

अटक झाली की नागरिक सुरक्षा संहिता कलम ३६: अटकेचा पंचनामा, त्यावर कुटुंबातल्या एकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही. कलम ४७: कारणं सांगणं. कलम ४८: नातेवाइकाला कळवणं आणि तशी नोंद. कलम ५३: वैद्यकीय तपासणी, तिची प्रत अटक झालेल्याला किंवा त्याने नेमलेल्याला. कलम ५८: २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे. काका-मामा ठाण्यात येऊन आरडाओरडा करतात, पण वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत मागत नाहीत. तोच कागद पुढे सगळ्यात जास्त बोलतो.

आणि कलम ३७ विसरू नका. जिल्हा नियंत्रण कक्षात आणि प्रत्येक ठाण्यात सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी नाही असा एक नेमलेला अधिकारी हवा आणि अटक केलेल्यांची नावं, पत्ते, गुन्ह्याचं स्वरूप यांचा फलक हवा. फलक रिकामा आणि कोठडीत माणूस, असं दिसलं तर ते विचारायला समितीला पूर्ण हक्क.

"अर्ज चौकशीवर आहे" हे वाक्य फार ऐकू येतं. दखलपात्र गुन्हा तीन ते सात वर्षांच्या शिक्षेचा असेल तर कलम १७३(३) प्रमाणे उपअधीक्षकांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, पण १४ दिवसांत संपवायची. सामायिक जमीन, आंब्याची कलमं, वहिवाटीची पाणंद, यांतल्या अर्जांवर महिने जातात. दर ठाण्यात १४ दिवसांवर गेलेले अर्ज किती, हा एक आकडा दर महिन्याला मागितलात तरी ठाणं सरळ होईल. हे मी खात्याचा माणूस म्हणून सांगतो.

वाशिष्ठी

काकांनी सांगितलं त्यात गंभीर दुखापतीचं जोडते. भारतीय न्याय संहितेच्या (पूर्वीची भादंवि) कलम ११६ प्रमाणे हाड मोडणं, दात पडणं, किंवा १५ दिवस तीव्र वेदना वा नेहमीचं काम करता न येणं, हे गंभीर. पूर्वी २० दिवस होते. प्रमाणपत्रावर "साधी दुखापत" एवढंच लिहून आलं तर प्राधिकरणात तक्रार त्या कलमाखाली बसत नाही, शेवटच्या "अधिकाराचा गैरवापर" या रकान्यात न्यावी लागते. १५ दिवसांनी पुन्हा जिल्हा रुग्णालयात तपासणी करून कागद घ्या.

पणजी_पलीकडे

गोव्यात २००७ पासून राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, पणजीत. राज्य लहान, त्यामुळे काणकोण असो वा पेडणे, सकाळी निघालं तर सुनावणीला पोचता येतं. अंतर हा मोठा मुद्दा, दांडीदादांशी सहमत. तुमच्या कोकणाने दोन दक्षिण जिल्ह्यांसाठी वेगळं प्राधिकरण मागायला हवं.

दांडी_मालवण

वेगळं प्राधिकरण म्हणजे कायद्यात दुरुस्ती, ती आमदारांकरवी. पण लोकांना देखरेख आठवते ती आंदोलनाच्या वेळी, आणि तेव्हा हातात काय असतं? १८ एप्रिल २०११ ला जैतापूर अणुप्रकल्पाविरोधात साखरी नाटेत झालेल्या पोलीस गोळीबारात एक मच्छीमार गेला, तेव्हा राज्यात २०१४ चा कायदा नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये बारसू-सोलगावच्या रिफायनरीविरोधी आंदोलनात तो होता. मनाई आदेश, नोटिसा, धरपकड, हे सगळं देखरेखीच्या कक्षेत येतं का?

वाशिष्ठी

येतं, तुकड्यातुकड्यांत. पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(३) चा जमावबंदी आदेश राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय १५ दिवसांवर चालत नाही. किनारी जिल्ह्यांत असे आदेश एकामागून एक निघतात, म्हणून सलग आदेशांच्या प्रती आणि मंजुरीचा कागद मागा. प्रतिबंधक नोटिसा कार्यकारी दंडाधिकाऱ्यांच्या, म्हणजे तहसीलदार-प्रांतांच्या, त्यावर प्राधिकरणाचा हात चालत नाही, तिथे सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय. रीत न पाळता उचलून नेलं असेल तर मात्र २२-क्यू लागू.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणही वापरा. अटकेच्या टप्प्यावरच मोफत वकील देण्याची त्यांची योजना आहे. पोलीस कोठडीत रात्री वकील पोचणं ही देखरेख कुठल्याही समितीपेक्षा चोख.

मिऱ्या_बंदर

वरच्या चर्चेवरून ठरावाचा मसुदा. सूचना द्या.

"ही सभा (१) सीसीटीव्ही जिल्हास्तरीय देखरेख समितीवर या नगरपरिषदेच्या अध्यक्षांचं नाव सुचवते आणि जिल्ह्यातल्या नगरपरिषदा, नगरपंचायतींमध्ये वर्षाच्या आळीपाळीची विनंती करते, (२) समितीची बैठक दर महिन्याला व्हावी आणि व्यक्तींची ओळख वगळून इतिवृत्त जिल्हा संकेतस्थळावर यावं अशी विनंती करते, (३) विधी सेवा प्राधिकरणाच्या प्रतिनिधीला विशेष निमंत्रित करण्याची शिफारस करते, (४) विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरणाने रत्नागिरीत फिरती सुनावणी घ्यावी अशी विनंती करते, (५) चालू तपासातल्या कोणत्याही गुन्ह्याबाबत नगरपरिषद वा तिचे प्रतिनिधी विचारणा करणार नाहीत असं नमूद करते."

निवृत्त_अंमलदार

पाचवा मुद्दा पहिला करा. अधीक्षक कार्यालयात ठराव वाचणारा माणूस पहिल्या दोन ओळींवर मत बनवतो.

कुडाळ_केबल

दुसऱ्यात "चालू कॅमेऱ्यांची ठाणेनिहाय संख्या आणि साठवण दिवसांत" हे घाला. नुसतं "कार्यरत" लिहून आलं तर काही कळत नाही.

पालशेत_पुळण

हा विषय ऐनवेळच्या विषयांत घेतला तर चालेल का? पुढची सभा जवळ आली आहे.

वाशिष्ठी

नको. ऐनवेळी घेतलेल्या ठरावावर हरकत आली की कलम ३०८ ला आयतं कारण मिळतं. नगराध्यक्षांना लेखी पत्र देऊन विषयपत्रिकेवर क्रमांकासह घ्या, सूचक-अनुमोदकांची नावं आधी ठरवा, आणि ठराव झाला की प्रमाणित प्रत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि कोकण भवनात विभागीय आयुक्त, तिघांना नोंदणीकृत टपालाने एकाच दिवशी पाठवा. महिन्याभराने तिघांकडेही त्या पत्रावर काय झालं हे माहिती अधिकारात विचारा, टिपणीच्या पानांसकट.